पावणेदोनशे झुरके आणि शंभर पौंड

१० मार्च १९४२ रोजी इंग्लंडमध्ये लुईझा एलिझाबेथ कार्लिल नावाच्या बाई वारल्या. वय ९६. डॉक्टरांनी मृत्यूचं मुख्य कारण म्हातारपण लिहिलं आणि जोडीला इन्फ्लुएन्झा. बाईंची या आजाराशी ओळख जुनी होती. पन्नास वर्षांपूर्वी, १८९२ च्या जानेवारीत, तो त्यांना एकदा होऊन गेला होता. त्या एका तापाने त्यांचं नाव असं काही टिकवून ठेवलं की आज मुंबई-पुण्याच्याच काय, लातूर-नांदेडच्या लॉ कॉलेजातल्या पहिल्या वर्षाच्या पोरांनाही ते पाठ असतं.

मी कराराचा कायदा शिकवतो. ‘कार्लिल केस’, म्हणजे या बाईंनी बक्षिसाची जाहिरात देणाऱ्या एका औषध कंपनीवर लावलेला दावा, दरवर्षी शिकवावी लागते आणि दरवर्षी पेपरात तिचं उत्तर एकाच साच्यातून पडल्यासारखं येतं: जाहिरात हा साऱ्या जगाला उद्देशून केलेला प्रस्ताव, अटी पाळणं हीच स्वीकृती, सबब कंपनीने पैसे द्यावेत. उत्तर बरोबर असतं, मार्कही द्यावे लागतात. पण त्यात चेंडू नसतो, साथ नसते, आणि मूळ जाहिरात तर कुणी वाचलेलीच नसते. हे प्रकरण एकदा औषधाच्या दुकानाच्या बाजूने मांडावं, असं बरेच दिवस मनात होतं.

चेंडू

फ्रेडरिक ऑगस्टस रो हा मूळचा न्यूयॉर्कचा. लंडनला येऊन त्याने १८८९ मध्ये एका उपकरणाचं पेटंट मागितलं. उपकरण म्हणजे रबराचा एक पोकळ चेंडू, मुठीत धरून दाबता येईल असा. त्याला एक आखूड नळी. आत कार्बोलिक ॲसिड मिसळलेली कोरडी, अगदी बारीक पूड, आणि पूड एकदम बाहेर सांडू नये म्हणून मध्ये जाळीदार कापड. चेंडू दाबला की त्या कापडातून गाळून पुडीचा ढग निघायचा. तो दिसायचा धुरासारखा, म्हणून नाव ‘कार्बोलिक स्मोक बॉल’. धूर असा त्यात काही नव्हताच.

वापरायची रीत सोपी. नळी नाकपुडीशी धरायची, चेंडू दाबायचा आणि श्वास आत ओढायचा. मग नाक चुरचुरायचं आणि वाहायला लागायचं. पेटंट औषधांच्या धंद्यातली ही जुनी खुबी आहे. औषध घेतल्यावर अंगात काहीतरी झाल्यासारखं वाटलं पाहिजे. जुलाब होवोत, घाम सुटो, नाक वाहो, पण काहीतरी घडलं पाहिजे. गिऱ्हाईक त्यालाच गुण म्हणतं. वाहणारं नाक म्हणजे रोग बाहेर पडतोय, हे समजावून सांगायला कुणी लागत नाही. आपल्याकडेही औषध कडू असल्याशिवाय त्यावर विश्वास न ठेवणारी माणसं घरोघरी सापडतील.

कार्बोलिक ॲसिड म्हणजे फिनॉल. जुन्या लाल साबणाला जो दवाखान्यासारखा वास यायचा, तो याचा. आज हा वास आपल्याला फरशीची आठवण करून देतो. त्या काळच्या इंग्रजाला तो विज्ञानाचा वास वाटत होता, आणि त्याला कारणही होतं. जोसेफ लिस्टर या शल्यचिकित्सकाने १८६७ मध्ये कार्बोलिक ॲसिडने जखमा जंतूंपासून राखता येतात हे दाखवलं. पुढे शस्त्रक्रियेच्या खोलीत हवेत कार्बोलिकचे फवारे मारायची पद्धत आली. जखमेवर लावलेलं कार्बोलिक खरोखर कामाचं होतं. हवेतला फवारा मात्र निरुपयोगी निघाला, आणि १८९० मध्ये बर्लिनच्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत खुद्द लिस्टरने कबूल केलं की तो फवारा आपण सुचवला याची आपल्याला लाज वाटते. म्हणजे ज्याच्या नावाच्या पुण्याईवर कार्बोलिकचा दबदबा उभा होता, तो माणूस हवेतल्या कार्बोलिकवरून बाजूला झाला, आणि पुढच्याच वर्षी रो ते लोकांच्या नाकात घालत होता.

‘पेटंट औषध’ या शब्दाबद्दल इथेच सांगून टाकतो, कारण तो फसवा आहे. इंग्लंडमधल्या बहुतेक पेटंट औषधांना पेटंट नव्हतंच. पेटंट घ्यायचं तर आत काय आहे ते जाहीर करावं लागतं, आणि या धंद्याची सगळी किंमत आत काय आहे ते न सांगण्यात होती. पेटंट औषध म्हणजे गुप्त कृतीचं, ठरावीक नावाने विकलं जाणारं तयार औषध. त्यावर १७८३ पासून सरकारी मुद्रांक शुल्क होतं. एक शिलिंगाच्या डबीला दीड पेनीचा स्टॅम्प, म्हणून बाजारात जिकडेतिकडे ‘एक शिलिंग दीड पेनी’ असा भाव दिसायचा. कर भरल्याची ती खूण, पण डबीवर सरकारचा स्टॅम्प आहे म्हणजे सरकारनेच औषध तपासलंय, असं साध्या माणसाला वाटायचं आणि विकणाऱ्याला तो गैरसमज हवाच होता. रोच्या चेंडूला मात्र खरोखरचं पेटंट होतं. अर्थात पेटंट मिळालं ते चेंडूच्या रचनेला. नाकात पूड कशी उडवायची याची ती युक्ती होती. त्या पुडीने फ्लू टळतो असं पेटंट ऑफिसने कुठेही म्हटलेलं नव्हतं.

साथ

१८८९ च्या अखेरीस सेंट पीटर्सबर्गहून बातम्या यायला लागल्या आणि काही आठवड्यांत फ्लू युरोपभर पसरला. लोक त्याला ‘रशियन फ्लू’ म्हणत. ब्रिटनमध्ये तो एकदा येऊन गेला असं झालं नाही. १८८९-९० च्या हिवाळ्यात आला, १८९१ च्या वसंतात पुन्हा आला, आणि १८९१-९२ च्या हिवाळ्यात तिसऱ्यांदा. तो कशाने होतो हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १८९२ मध्ये जर्मनीत रिखार्ड फायफर यांनी एका जंतूला दोषी ठरवलं, तेही चुकीचं निघालं. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागायला १९३३ उजाडलं.

डॉक्टरांकडे देण्यासारखं काही नसतं तेव्हा दुकानदाराकडे बरंच काही असतं. २०२० मध्ये कापूर, ओवा आणि लवंगेची पुरचुंडी शिवून गळ्यात घालणारे आपणच होतो, त्यामुळे १८९१ च्या लंडनकरांना हसायचा अधिकार निदान मी तरी सांगत नाही. उग्र वासाने रोग पळतो ही समजूत फार चिवट आहे.

१४ जानेवारी १८९२ रोजी सॅन्ड्रिंगहॅमच्या राजवाड्यात राणी व्हिक्टोरियाचा नातू प्रिन्स अल्बर्ट व्हिक्टर इन्फ्लुएन्झा आणि त्यातून झालेल्या न्यूमोनियाने गेला. वय २८, राजगादीच्या वारशात दुसरा. राजवाड्यातले डॉक्टर जे थांबवू शकले नाहीत ते दहा शिलिंगाचा चेंडू थांबवील, असं म्हणणारी जाहिरात त्याच हिवाळ्यात छापून येत होती.

जाहिरात

ती १३ नोव्हेंबर १८९१ रोजी ‘पॅल मॅल गॅझेट’ या संध्याकाळच्या पत्रात आली. न्यायालयात पुढे एकेक शब्द कीस पाडून वाचला गेला तो हाच मजकूर. मराठीत त्याचा आशय असा: छापील सूचनांप्रमाणे चेंडू दिवसातून तीनदा, दोन आठवडे वापरल्यावरही ज्या कुणाला इन्फ्लुएन्झा, पडसं किंवा थंडीने होणारा कोणताही आजार होईल, त्याला कार्बोलिक स्मोक बॉल कंपनी १०० पौंडांचं बक्षीस देईल. आम्ही याबाबत प्रामाणिक आहोत हे दाखवण्यासाठी रीजंट स्ट्रीटवरच्या अलायन्स बँकेत १,००० पौंड ठेवले आहेत. मागच्या साथीत हजारो चेंडू विकले गेले आणि वापरणाऱ्यांपैकी एकालाही रोग झाल्याचं आढळलेलं नाही. एक चेंडू एका कुटुंबाला कित्येक महिने पुरतो. किंमत १० शिलिंग, टपालखर्च माफ. पुन्हा भरून हवा असल्यास ५ शिलिंग. पत्ता: २७, प्रिन्सेस स्ट्रीट, हॅनोवर स्क्वेअर.

कंपनीच्या इतर जाहिरातींत तर रोगवार वेळापत्रकच होतं. डोकं दुखत असेल तर १० मिनिटांत बरं. सर्दी १२ तासांत. इन्फ्लुएन्झा २४ तासांत. घोरणं एका आठवड्यात, दुखरे डोळे दोन आठवड्यांत. इतके रोग एका चेंडूने कसे बरे होतात? तर ते सगळे एकाच कारणातून उपजतात म्हणून! सोबत बड्या लोकांची प्रशस्तिपत्रं. सरदार-उमराव, त्यांच्या बायका, आणि त्या काळची जगप्रसिद्ध गायिका ॲडेलिना पॅटी. गळ्यावर पोट असलेली बाई जे नाकात घालते ते वाईट कसं असेल, हा त्यातला हिशेब.

आता जाहिरातीतले आकडे जरा हातात घेऊन बघू. एक पौंड म्हणजे २० शिलिंग. म्हणजे १०० पौंडांत २०० चेंडू आले. एका माणसाला बक्षीस द्यायचं तर २०० चेंडूंची विक्री गेली. आणि बँकेतले १,००० पौंड? ते जेमतेम दहा आजाऱ्यांना पुरणारे. ‘हजारो’ चेंडू विकले गेलेत असं शेजारच्याच वाक्यात लिहिलंय, शहरात साथ आहे, आणि तयारी दहा जणांची. बक्षीस द्यायची वेळ येईल असं रोला वाटत नव्हतं, किंवा आलीच तर ते द्यायचा त्याचा विचार नव्हता. यातलं कुठलं खरं ते कागदपत्रांवरून ठरवता येत नाही. पण बँकेचं वाक्य गिऱ्हाईकाचा विश्वास बसावा एवढ्यासाठीच तिथे आलं होतं हे उघड आहे. रो त्याच वाक्यात अडकला.

बाई आणि कंपनी

लुईझा कार्लिल वेस्ट डलिचला राहत होत्या, लंडनच्या दक्षिणेला. जाहिरात वाचून त्यांनी २० नोव्हेंबर १८९१ रोजी ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका केमिस्टकडून चेंडू विकत घेतला. दहा शिलिंग ही रक्कम लहान नव्हती, शेतमजुराच्या आठवड्याच्या मजुरीतला बराचसा भाग तेवढ्यात जात असे. बाईंनी चेंडू कपाटात ठेवून दिला नाही. सूचनेबरहुकूम रोज तीन वेळा वापरला, आणि दोन आठवड्यांवर न थांबता १७ जानेवारी १८९२ पर्यंत वापरत राहिल्या. अठ्ठावन्न दिवस, दिवसाला तीन वेळा. म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास झुरके. १७ तारखेला त्यांना फ्लू झाला. राजपुत्राला जाऊन तीन दिवस झाले होते.

इथे बहुतेक माणसं काय करतात ते आपल्याला माहीत आहे. चेंडू फेकून देतात, दोन शिव्या घालतात आणि विषय संपतो. किंवा, आपण वापरण्यातच काहीतरी चूक केली असेल असं धरून चालतात. कार्लिलबाईंचे यजमान कायदा शिकलेले होते. २० जानेवारीला, म्हणजे बाई अंथरुणावर असतानाच, त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं: माझ्या पत्नीने तुमच्या सूचना तंतोतंत पाळल्या, तिला इन्फ्लुएन्झा झाला आहे, १०० पौंड पाठवावेत.

उत्तर नाही. दुसऱ्या पत्रालाही नाही. तिसऱ्यानंतर कंपनीकडून आलं ते सहीशिवायचं पत्र. त्यातला मजकूर मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत चविष्ट वाटतो. चेंडू योग्य रीतीने वापरला तर त्याच्या गुणाबद्दल आमची पूर्ण खात्री आहे. पण खोट्या दाव्यांपासून स्वतःचं रक्षण करण्यासाठी, दावेदाराने रोज आमच्या कार्यालयात येऊन चेंडू वापरावा आणि आमच्या सचिवाने तो वापर तपासावा.

म्हणजे वेस्ट डलिचहून टेम्स ओलांडून हॅनोवर स्क्वेअरला, तेही ऐन साथीत, रोजच्या रोज! ही अट जाहिरातीत नव्हती. ती पैसे मागितल्यावर उगवली. बाईंनी दावा लावला.

दहा वर्षांआधी हे इतकं सरळ झालं नसतं. विवाहित स्त्रीला स्वतःच्या नावाने करार करायचा आणि दावा लावायचा पुरेसा हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या मालमत्ता कायद्याने दिला. प्रकरणाच्या नावात ‘कार्लिल’ म्हणून जी उभी आहे ती श्रीमती कार्लिल आहे. विद्यार्थी हमखास ‘मिस्टर कार्लिल’ लिहितात.

न्यायालयात

दावा ऐकला क्वीन्स बेंचचे न्यायमूर्ती हेन्री हॉकिन्स यांनी. कंपनीतर्फे उभे होते एच. एच. ॲस्क्विथ, जे पुढे १९०८ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान झाले. कंपनीने वकील स्वस्तातला केला नव्हता. शंभर पौंड वाचवायला एवढा बडा वकील कशाला, असं वाटेल. पण पहिले शंभर दिले तर रांग लागणार हे रोला कळत होतं.

बाईंनी चेंडू घेतला, तो सांगितल्याप्रमाणे वापरला आणि त्यांना फ्लू झाला, इथवर सारं स्पष्ट होतं. भांडण होतं ते एवढ्यावरच की यातून कंपनी पैसे देणं लागते का. बचावात मुद्द्यांची लड लावली होती. आमची जाहिरात म्हणजे नुसती बढाई, बाजारात सगळेच मारतात तशी. करार करायचा तर तो कुणाशी तरी करावा लागतो, साऱ्या जगाशी करार होत नसतो. बाईंनी प्रस्ताव स्वीकारल्याचं आम्हाला कळवलंच नाही. त्यांनी आम्हाला मोबदल्यात काही दिलेलं नाही, चेंडूचे पैसे तर केमिस्टला मिळाले. मुदतच दिलेली नाही, म्हणजे चेंडू वापरून दहा वर्षांनी फ्लू झाला तरी शंभर पौंड द्यायचे का? आणि एवढंही न जमल्यास: ही तर पैज झाली, आणि पैजेचा करार कायद्याने अंमलात येत नाही. नाहीतर हा विमा समजा, मग विम्याच्या कायद्यातल्या अटी पुऱ्या झालेल्या नाहीत.

पैजेचा मुद्दा वाचताना मला दरवेळी गंमत वाटते. औषध विकणारी कंपनी न्यायालयात सांगते आहे की आमचं औषध म्हणजे जुगार होता. हॉकिन्स यांनी तो मान्य केला नाही. पैजेत दोन्ही बाजूंना हरण्याची शक्यता असावी लागते. इथे फ्लू झाला नसता तर बाई कंपनीला काही देणं लागत नव्हत्या. हॉकिन्स यांनी एक गोष्ट आणखी म्हटली, ती पाठ्यपुस्तकांत क्वचित येते. अशा जाहिराती शहाण्या आणि विचारी वाचकांसाठी नसतातच, भोळ्या आणि दुबळ्या लोकांना ओढण्यासाठी त्या लिहिलेल्या असतात. आणि अशा लोकांना वचन देऊन ज्याने ओढलं, त्याचं वचन त्याच्या गळ्यात पडलं तर त्याने कुरकुर करू नये. निकाल ४ जुलै १८९२ रोजी बाईंच्या बाजूने लागला.

कंपनी अपिलात गेली. ॲस्क्विथ तोवर गृहमंत्री झाले होते. डिसेंबर १८९२ मध्ये लिंडली, बोवेन आणि ए. एल. स्मिथ या तिघा न्यायमूर्तींनी एकमताने अपील फेटाळलं. हाच निकाल आज जगभर शिकवला जातो.

बढाईच्या मुद्द्याला लिंडली यांनी एका प्रश्नात निकालात काढलं. नुसती बढाईच मारायची होती तर बँकेत १,००० पौंड ठेवल्याचं लिहिलंत कशाला? स्वतःच ‘आम्ही प्रामाणिक आहोत हे दाखवण्यासाठी’ असं म्हणता, आणि आता म्हणता ते गांभीर्याने घ्यायचं नव्हतं.

कळवलं नाही या मुद्द्यावर बोवेन यांनी हरवलेल्या कुत्र्याचं उदाहरण दिलं. माझा कुत्रा हरवला, आणून देणाऱ्याला इतके पैसे देईन, अशी मी जाहिरात दिली. तर हरवलेले कुत्रे शोधणाऱ्या पोलिसांनी आणि इतरांनी आधी मला चिठ्ठी लिहून ‘आपला प्रस्ताव मान्य आहे’ असं कळवायचं, मग कुत्रा शोधायला निघायचं का? कुत्रा सापडून आणून दिला की झालं. जाहिरात देणाऱ्यानेच कळवण्याची गरज सोडून दिलेली असते. साऱ्या जगाशी करार होत नाही हे खरं. पण प्रस्ताव साऱ्या जगापुढे ठेवता येतो, आणि जो पुढे येऊन अट पुरी करतो त्याच्याशी करार होतो.

मोबदल्याचं उत्तर दुहेरी होतं. लोक भरवशाने चेंडू घेतात, त्यातून कंपनीची विक्री वाढते, हा एक फायदा. आणि कंपनीच्या सांगण्यावरून दिवसातून तीनदा ते नाकात ओढत राहणं, हा बाईंनी सोसलेला त्रास. कायद्याला एवढा मोबदला पुरतो. रोचा एवढा थाटमाट, राजेरजवाड्यांची पत्रं, आणि न्यायालयाने त्याच्या औषधाची नोंद घेतली ती ‘गैरसोय’ म्हणून.

मुदतीवर तिघांचं म्हणणं हुबेहूब सारखं नव्हतं. वापर चालू असेपर्यंत संरक्षण, की वापरानंतरही वाजवी काळापर्यंत? बाईंना फ्लू वापर चालू असतानाच झाला होता, तेव्हा कुठलाही अर्थ घेतला तरी त्या जिंकत होत्या. वचन अवास्तव आहे या तक्रारीला उत्तर असं मिळालं की माणूस अशी अवास्तव वचनं देतो ती त्यात त्याचा फायदा असतो म्हणून, आणि वचन भलतंच मोठं आहे एवढ्याने ते पाळण्यातून सुटका होत नाही.

जे विचारलंच गेलं नाही

दोन्ही न्यायालयांत मिळून एका प्रश्नावर निर्णय झाला नाही: चेंडूने फ्लू टळतो का? तो करावाच लागला नाही. चेंडू उत्तम असता आणि बाईंना तरीही फ्लू झाला असता, तरी निकाल हाच लागला असता. आणि चेंडू निव्वळ थोतांड असून कंपनीने बक्षिसाचं वाक्य लिहिलं नसतं, तर बाईंच्या हाती काही लागलं नसतं. ‘सर्दी १२ तासांत बरी’ हे वाक्य बढाईत जमा. ते खोटं ठरलं म्हणून कुणाला काही मागता येत नव्हतं. रो खोटं बोलला म्हणून पकडला गेला नाही. तो पैसे ठेवलेत असं बोलला म्हणून पकडला गेला.

औषधाच्या बाजूने त्याला हात लावणारा कायदा नव्हता असं नाही, पण त्यात भगदाड होतं. १८७५ च्या अन्न आणि औषध विक्री कायद्यात भेसळीला शिक्षा होती. त्याच कायद्याच्या कलम ६ मध्ये मालकी हक्काची औषधं आणि चालू पेटंट असलेली औषधं यांना सूट दिलेली होती. औषधविक्रेत्यांवर नियंत्रण आणणाऱ्या १८६८ च्या कायद्यानेही पेटंट औषधं वगळली. सरकारला मुद्रांकाचा महसूल मिळत होता, वर्तमानपत्रांना जाहिरातींचा. थॉमस होलोवे नावाचे गोळ्या-मलमवाले जाहिरातींवर वर्षाला ५०,००० पौंडांपर्यंत खर्च करत, असं सांगितलं जातं. त्यांच्याच पैशातून मुलींसाठी उभं राहिलेलं रॉयल होलोवे कॉलेज १८८६ मध्ये राणीने स्वतः उघडलं. अशा धंद्याला कोण दुखावणार? ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने १९०९ मध्ये गाजलेल्या औषधांचं पृथक्करण करून आत काय आहे आणि त्याची खरी किंमत काय, ते छापून टाकलं. मग संसदेची समिती बसली. तिचा अहवाल आला ४ ऑगस्ट १९१४ ला, ज्या दिवशी ब्रिटन महायुद्धात उतरलं. तो वाचायला कुणाला सवड असणार! औषधात काय आहे ते वेष्टनावर लिहिण्याची सक्ती इंग्लंडमध्ये १९४१ च्या कायद्याने आली. तेव्हा कार्लिलबाई हयात होत्या.

आपल्याकडचा हिशेब थोडा वेगळा आहे. करारापुरतं बोलायचं तर बोवेन यांना जे इतकं समजावून सांगावं लागलं, ते भारतीय करार कायद्याच्या कलम ८ मध्ये १८७२ पासूनच लिहिलेलं होतं: प्रस्तावातल्या अटी पुऱ्या करणं म्हणजेच प्रस्ताव स्वीकारणं. फक्त प्रस्ताव माहीत असायला हवा. १९१३ च्या अलाहाबादच्या लालमन शुक्ल प्रकरणात मुनिमाने मालकाचा हरवलेला पुतण्या शोधून आणला, पण ५०१ रुपयांच्या बक्षिसाचं त्याला मुलगा सापडल्यावर कळलं, म्हणून तो हरला. कार्लिलबाई जाहिरात वाचून दुकानात गेल्या होत्या. आणि औषधापुरतं बोलायचं तर १९५४ मध्ये आपण स्वतंत्र कायदाच केला. त्यात ठरावीक रोगांवरच्या इलाजाची जाहिरात करणं हाच गुन्हा आहे, पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद. ‘जादूई इलाज’ म्हणजे काय हे सांगताना त्या कायद्याच्या इंग्रजी मजकुरात मंत्र आणि कवच हे शब्द जसेच्या तसे आलेत. इतकं असून एसटी स्टँडच्या भिंतीवरचं ‘रामबाण इलाज, गुण न आल्यास पैसे परत’ कुणी पुसलेलं नाही. ‘पैसे परत’ वाचलं की मी वर्गात तेवढ्यापुरता थांबतो. कार्लिलबाई तिथे उभ्या असतात.

पुन्हा रो

कंपनी या निकालाने लगेच बुडाली नाही. काही वर्षांत तिचा कारभार आटोपला, आणि १८९९ मध्ये रो क्षयाने व हृदयविकाराने वारला, वय ५७. पण निकालानंतर तीन महिने व्हायच्या आत त्याने जे केलं ते पाहिलं की हा माणूस धंद्यात कच्चा नव्हता हे पटतं.

२५ फेब्रुवारी १८९३ च्या ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मध्ये कंपनीची नवी जाहिरात आली. कोर्टात हरल्याची लाज लपवण्याऐवजी तिने त्याचीच जाहिरात केली: आम्ही १०० पौंड देऊ केले होते, हजारो चेंडू विकले गेले आणि बक्षीस मागायला आले फक्त तीन जण. यावरून चेंडू किती गुणकारी आहे ते बघा. आता बक्षीस २०० पौंड. रोगांची यादीही लांबलचक: इन्फ्लुएन्झा, खोकला, दमा, घसा बसणं, डांग्या खोकला, डोकेदुखी, आणि अर्थातच घोरणं.

खाली बारीक अक्षरात मात्र बरंच काही बदललं होतं. बक्षीस अटींवर मिळेल. अटी जाहिरातीत दिलेल्या नाहीत, त्या अर्ज केल्यावर मिळतील. त्यांच्या प्रतीवर सही करून ती प्रत कंपनीच्या लंडनच्या कार्यालयात जमा करावी लागेल, तीही उपचार सुरू करण्याआधी. आणि ही योजना ३१ मार्च १८९३ पर्यंतच खुली राहील.

त्या दिवशी अंक हातात पडलेल्या वाचकाजवळ अर्ज करायला, अटी मागवायला, सही करून पाठवायला, चेंडू ओढायला आणि आजारी पडायला मिळून ३४ दिवस होते.